पावसाळ्यात दगा न देणारी खिशातली बॅटरी कशी निवडावी

मिरगाच्या तोंडावर दरवर्षी प्रश्न येतो, “कुठली बॅटरी घेऊ?” आणि नवरात्राच्या सुमारास त्याच माणसाचा दुसरा प्रश्न, “वॉटरप्रूफ लिहिलं होतं, तरी पेटत का नाही?” मधल्या चार महिन्यांत काय झालं ते खोदून विचारलं की बहुतेक वेळा एकच चूक निघते. लुमेनचा, म्हणजे एकूण किती उजेड पडतो त्याचा, आकडा बघून खरेदी झालेली असते. सेल, आटे, रबरी रिंग, बटण यांच्याकडे कुणी बघितलेलंच नसतं. म्हणून खालचा क्रम मोडू नका. लुमेन त्यात सहाव्या टप्प्यावर येतात, आणि तिथेच त्यांची जागा आहे.

आपल्याकडे टॉर्चला बॅटरी म्हणतात, मीही तेच लिहिणार आहे. आत घालतो तो सेल.

टप्पा १ : आधी चार रात्री लिहून काढा

दुकानात किंवा मोबाईलवर शोधायला जाण्याआधी चार रात्रींचा हिशोब कागदावर ठेवा. प्रत्येक वेळी तीनच गोष्टी: कुठे गेलात, दुसऱ्या हातात काय होतं, किती वेळ पेटवली. माझा कागद असा होता: गोठा, दुसऱ्या हातात बादली, ६ मिनिटं. पाखाडीने, म्हणजे दगडी पायवाटेने, खाली रस्त्यापर्यंत, छत्री, १२ मिनिटं. मीटरबोर्ड, पक्कड, २ मिनिटं. वाटेत स्कूटर बंद पडली, पाना, २५ मिनिटं.

यातून दोन गोष्टी लख्ख दिसल्या. दुसरा हात कधीच रिकामा नव्हता, म्हणजे बॅटरी एका हाताने, एका बोटाने चालली पाहिजे. आणि वीस-तीस पावलांपलीकडचं बघायची वेळ एकदाही आली नाही. पहिल्या पावसात व्हाळावर कुर्ल्या धरायला जाणाऱ्याचा किंवा होडीवर कामाला जाणाऱ्याचा कागद वेगळा येईल, यायलाच हवा.

मोबाईलचा उजेड आहेच की, असं म्हणणाऱ्यांनी एकदा भर पावसात ओल्या बोटाने ओल्या काचेवर तो लावून बघावा.

आकार याच टप्प्यावर ठरवा. रोज खिशात राहायची तर लांबी ९ ते १२ सेंटीमीटर आणि सेलसकट वजन १०० ग्रॅमच्या आत. याहून मोठी असली की ती आठवड्याभरात खुंटीला जाते, आणि लाईट जाते तेव्हा तुम्ही असता भलतीकडेच.

टप्पा २ : सेल ठरवा, मग बॅटरी

इथे घाई नको. बॅटरी किती वर्षं कामी येईल हे सेलच ठरवतो. घेण्यासारखे पर्याय तीन.

पहिला, पेन्सिल सेल, म्हणजे एए. वाडीवरच्या किराणा दुकानातही मिळतो. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दापोलीकडून गेलं, तेव्हा कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे लाईट नव्हती. चार्जिंगची बॅटरी अशा वेळी पॉवरबँक असेपर्यंतच. तोटा असा की पेन्सिल सेलात ताकद कमी, आणि साधा किंवा अल्कलाइन सेल आत विसरला तर तो पाझरतो आणि स्प्रिंग खातो.

दुसरा, १८६५०, चार्जिंगचा लिथियम सेल. नावातच माप आहे: जाडी १८ मिलिमीटर, लांबी ६५ मिलिमीटर. चांगला ३००० एमएएचचा (सेलात किती वीज मावते त्याचं हे माप) सेल साधारण ११ वॉट-तास देतो. चार्जिंगचा २००० एमएएचचा पेन्सिल सेल देतो अडीचच्या आत. म्हणजे चौपट. मधल्या उजेडावर रोज अर्धा तास वापरलीत तर आठवडाभर चार्जिंगकडे बघावं लागत नाही.

तिसरा, १४५००. आकार पेन्सिल सेलचाच, पण जातीने लिथियम, ३.७ व्होल्टचा. काही बॅटऱ्या हा आणि पेन्सिल सेल दोन्ही घेतात. घरापासून लांब राहणाऱ्यांना मी हीच सांगतो: एरवी लिथियम, अडीअडचणीला दुकानातला पेन्सिल सेल.

सावधान: मापात बसतो म्हणून १४५०० कुठल्याही पेन्सिल सेलच्या बॅटरीत घालू नका. दीड व्होल्टवर चालणाऱ्या सर्किटला तो दुपटीहून जास्त व्होल्ट देतो. दोन्ही सेल चालतात असं छापलेलं असेल तरच.

आत कायमचा बसवलेला सेल, जो काढताच येत नाही, तो शक्यतो टाळा. सेल म्हातारा झाला की बॅटरी भंगारात जाते. त्याहून वाईट म्हणजे, पाणी शिरलं तर उघडून वाळवता येत नाही.

तपासा: १८६५० वर ९९०० एमएएच किंवा तसा काही आकडा दिसला तर तो सेल हातातून खाली ठेवा. या मापात खरा सेल ३५०० च्या आसपास थांबतो. खरा सेल ४५ ग्रॅमच्या आगेमागे भरतो. सोनाराच्या किंवा स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर फारच हलका निघाला तर आत काय भरलंय ते देवालाच ठाऊक. लिथियम सेलला आपल्याकडे आयएस १६०४६ हे मानक सक्तीचं आहे. सेलवर किंवा वेष्टनावर आर अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असतो, तो भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर या ॲपवर टाकून बघता येतो.

टप्पा ३ : ‘वॉटरप्रूफ’ हा शब्द सोडा, आकडा वाचा

वॉटरप्रूफ, वॉटर रेझिस्टंट, ऑल वेदर या शब्दांना काही अर्थ नाही. अर्थ आहे तो आयपी या अक्षरांपुढच्या दोन जागांना. पहिली जागा धुळीची, दुसरी पाण्याची. पहिल्या जागी एक्स असेल तर धुळीचा आकडा दिलेलाच नाही, एवढंच समजायचं.

पाण्याच्या जागी ४ असेल तर चारी बाजूंनी उडणारे शिंतोडे. ५ आणि ६ म्हणजे पाइपाने मारलेला फवारा. ६ चा फवारा मिनिटाला १०० लिटरचा, चांगलाच जोरदार. ७ म्हणजे १ मीटर खोल पाण्यात अर्धा तास. ८ म्हणजे त्याहून कठीण, पण किती खोल आणि किती वेळ हे बनवणारा ठरवतो. म्हणून ८ दिसला की शेजारी ‘२ मीटर’ असं काही लिहिलंय का ते बघा.

सगळ्यात जास्त फसगत होते ती पुढच्या मुद्द्यावर. ७ चा आकडा मिळाला म्हणजे ५ आणि ६ आपोआप पास झाले असं नाही. बुडवणं आणि फवारा या वेगळ्या परीक्षा आहेत. संथ पाण्यात तग धरणारी रबरी फ्लॅप जोराच्या धारेने उचलली जाऊ शकते. आपला जुलैमधला पाऊस, दुचाकीवर समोरून अंगावर येणारा, हा फवाऱ्याच्या जातीचा. दोन्ही आकडे छापलेले असतील तर उत्तम. एकच असेल तर ८ घ्या आणि बाकीची खात्री टप्पा ४ मध्ये डोळ्यांनी करा.

किनाऱ्यावर राहणाऱ्याने पहिल्या जागी ६ मागावा, म्हणजे आयपी ६७ किंवा ६८. वाळू हीसुद्धा धूळच.

सावधान: या परीक्षा नव्याकोऱ्या वस्तूवर आणि गोड्या पाण्यात होतात. खाऱ्या पाण्याने धातूचं काय होतं याबद्दल हा आकडा काहीच सांगत नाही. आणि तारकर्लीला स्कूबावाले वापरतात ती बॅटरी हवी म्हणून हट्ट धरू नका. ती जाडजूड असते, खिशासाठी नसते.

टप्पा ४ : पाणी कुठून शिरेल ते बघा

बॅटरी हातात घ्या आणि स्वतःला पाणी समजा. आत जायचे रस्ते चार: मागच्या टोपीचे आटे, बटणावरचं रबर, चार्जिंगचं भोक आणि पुढची काच.

टोपी फिरवून काढा. आट्यांच्या बुडाशी रबरी रिंग दिसली पाहिजे. दोन असतील तर जास्त चांगलं. रिंग खाचेत घट्ट बसलेली हवी, टोपी फिरवताना किंचित जड लागलं पाहिजे. भोवऱ्यासारखी गरगर फिरली तर रिंग बारीक आहे किंवा कोरडी आहे. आटे जाड आणि चौकोनी कडांचे असतील तर वाळूचा कण अडकला तरी सहजी झिजत नाहीत.

चार्जिंगचं भोक ही सगळ्यात कच्ची जागा. नुसती रबरी फ्लॅप असेल तर ती दोन पावसाळ्यांत सैल होते, हा माझा अनुभव. दोन वर्षांपूर्वी अशीच एक हौसेने घेतली होती. दुसऱ्या श्रावणात फ्लॅप तोंड वासून बसली, आणि एका सकाळी काचेच्या आत थेंब लोंबत होते. तेव्हापासून मी भोक आट्यांच्या कॉलरखाली झाकलेली बॅटरी घेतो, नाहीतर भोकच नसलेली, सेल बाहेर काढून चार्ज करायची.

काहींना मागे लोहचुंबक असतं. स्कूटरच्या पत्र्याला चिकटवून दोन्ही हातांनी काम करता येतं, हे खरंच. पण रत्नागिरीजवळ काळबादेवी किंवा मिऱ्याच्या पुळणीवर ती एकदा खाली टेकवून बघा. तिथल्या काळ्या वाळूत मॅग्नेटाइट हे चुंबकाला चिकटणारं खनिज आहे. बुडाला मिशा फुटतात. त्या मिशांसकट टोपी उघडली की वाळू थेट आट्यांत. चुंबक हवंच असेल तर काढता येणारं घ्या.

बाहेरचा पत्रा ॲल्युमिनियमचा असेल तर हार्ड ॲनोडाइज केलेला, म्हणजे वर कडक थर चढवलेला, मागा. स्टीलची क्लिप आणि ॲल्युमिनियमचं अंग यांच्या मध्ये खारट ओल राहिली की ॲल्युमिनियम खड्डे पडून कुरतडलं जातं. म्हणून क्लिप निघणारी हवी, तिच्याखालचं धुता आलं पाहिजे. होडीवर जाणाऱ्याने चांगल्या प्लास्टिकची, तरंगणारी घ्यावी. ॲल्युमिनियमची पाण्यात पडली की गेली.

टप्पा ५ : बटण, तेही ओल्या हाताने

हात ओले करा, साबण लावला तरी चालेल, आणि एका अंगठ्याने बॅटरी चालू-बंद करा. घसरलं तर ती तुमची नाही.

मागचं ‘टक’ वाजणारं बटण अंधारात लगेच सापडतं आणि बंद असताना सेल खात नाही. बाजूचं इलेक्ट्रॉनिक बटण मऊ असतं, पण खिशात आपोआप दाबलं जातं. लहानशा बॅटरीचा पूर्ण उजेड कापडाला टेकून राहिला तर कापड करपतं, मांडीलाही चटका बसतो. बाजूचं बटण घेणार असाल तर एक गोष्ट तपासाच: मागची टोपी पाव फेरा सैल केली की बॅटरी पेटणं बंद होतं का? झाली तर खिशात नेहमी तशीच ठेवा.

एका दाबात पेटून पहिला उजेड मंद किंवा मधला यावा. दर वेळी आधी लुकलुक येणारी बॅटरी पाखाडीवर कशाला हवी?

टप्पा ६ : आता लुमेन

खोक्यावर एफएल १ असं मानक लिहिलेलं असेल तर आकड्यांवर थोडा विश्वास ठेवता येतो, पण ते कसे मोजतात हे माहीत हवं. लुमेन पेटवल्यापासून ३० सेकंद ते २ मिनिटांच्या दरम्यान मोजतात. किती वेळ चालते तो आकडा उजेड सुरुवातीच्या १० टक्क्यांवर येईपर्यंतचा. आणि किती लांब जाते तो आकडा जिथे उजेड जेमतेम पौर्णिमेच्या चांदण्याइतका, म्हणजे पाव लक्स उरतो तिथपर्यंतचा. १०० मीटर लिहिलं असेल तर नीट ओळखू येईल असं अंतर त्याच्या निम्मंच धरा.

बोटाएवढ्या बॅटरीवर १००० लुमेन छापलेले असले तरी ती तापते आणि काही मिनिटांतच स्वतःहून उतरते. तुम्हाला लागणारे आकडे हे: घरात, पोरं झोपलेली असताना ५ ते २० लुमेन. वाटेने चालायला १०० ते १५०. कधीमधी आवारात काय खसफसलं ते बघायला ४०० च्या आसपास. मधला उजेड ४ तास सलग टिकत असेल तर निवड बरोबर.

झोत पसरट घ्या. आपल्याला बघायचं असतं ते पाऊल पडणार ती जागा. फुरसं कातळावर, पालापाचोळ्यात अंग चोरून बसतं आणि रंगाने त्यात मिसळून जातं. लांबवर जाणाऱ्या टोकदार झोताला ते कडेला दिसतच नाही. उजेडाचा रंग निळसर पांढऱ्यापेक्षा ४००० ते ५००० केल्व्हिनचा बरा. जांभा, पाला आणि माती वेगवेगळी ओळखू येतात.

पावसात बॅटरी डोळ्यांच्या रेषेत धरू नका. जवळचे थेंब उजळतात आणि समोर पांढरा पडदा उभा राहतो. कमरेच्या उंचीवर, खाली झुकवून धरा. हे कळेपर्यंत लोक जास्त लुमेनची बॅटरी घेऊन येतात, आणि पडदा आणखी पांढरा होतो.

टप्पा ७ : परत करायची मुदत संपण्याआधी बादली

ज्या बॅटरीवर ७ किंवा ८ चा आकडा छापला आहे तिचीच ही परीक्षा घ्या. नुसत्या ४ वालीला बुडवून मग तक्रार करण्यात अर्थ नाही.

सेल काढा. लिथियम सेल आत ठेवून पहिली परीक्षा घ्यायची नाही. सेलच्या जागी टिश्यू पेपरची सुरळी घाला, टोपी घट्ट लावा. नळाच्या साध्या पाण्याच्या बादलीत अर्धा तास ठेवा. तरंगली तर वरवंट्याला बांधा. सुरुवातीची दोन मिनिटं समोर बसा: एकाच जागेवरून बुडबुड्यांची माळ सुटली तर तीच गळकी जागा. एखाद-दुसरा बुडबुडा खाचेत अडकलेल्या हवेचा असतो. मधे चार-पाच वेळा बटण दाबा.

बाहेर काढल्यावर आधी फडक्याने आट्यांच्या फटीपर्यंत कोरडी करा. लोक इथेच चुकतात. ओल्या हाताने टोपी उघडतात, थेंब आत पडतो, आणि चांगली बॅटरी परत जाते. टोपी खालच्या बाजूला धरून उघडा आणि सुरळी गालाला लावून बघा. बोटापेक्षा गालाला ओल लवकर कळते.

सावधान: पूर्ण उजेडावर तापलेली बॅटरी एकदम गार पाण्यात घालू नका. आतली गरम हवा आकसते आणि रिंगेच्या कडेने पाणी आत ओढते. मळ्यातून आल्यावर चिखल धुवायचा असला तरी आधी दहा मिनिटं निवू द्या.

काचेच्या आत धुकं दिसलं म्हणजे गळतीच, असं नाही. जुलैत पडवीत बसून सेल बदलला की दमट हवा आत कोंडली जाते आणि काच गार झाली की तिचं धुकं धरतं. थोडा वेळ पेटवल्यावर ते गेलं आणि पुन्हा आलं नाही तर चिंता नाही. थेंब दिसले, किंवा दर पावसानंतर पुन्हा आलं, तर ती गळती.

टप्पा ८ : महिन्याला पाच मिनिटं

शेजारचे काका मूळ मालवणकडचे. गेल्या वर्षी बॅटरी घेऊन आले, “नये सेल घातलंय, तरी पेटणा नाय.” टोपी फिरेना. फडकं गुंडाळून जोर लावला तेव्हा करकर करत सुटली, आणि आट्यांतून तांदळाच्या पिठासारखी पांढरी भुकटी वर्तमानपत्रावर पडली. पाणी आत गेलेलंच नव्हतं. होडीवरच्या खाऱ्या हातांनी उघडझाप करून आटे आणि नळीची मागची कड पांढरी पडली होती, आणि वीज त्याच कडेवरून जाते. जुन्या दातांच्या ब्रशने आटे घासले, कड शाळेतल्या खोडरबराने चकचकीत केली, आणि बॅटरी पेटली. काकांनी नवे सेल उगाचच घेतले होते.

महिन्यातून एकदा, खाडीवर-समुद्रावर जाणाऱ्यांनी दर आठवड्याला, हे याच क्रमाने करा. टोपी बंद ठेवून गोड्या पाण्यात धुवा, क्लिपच्या खालूनही. पुसून पूर्ण वाळू द्या. मगच उघडा. आटे आणि रिंग सुती फडक्याने पुसा. रिंगेवर चीर किंवा चपटेपणा दिसला तर बदला. शेवटी सिलिकॉन ग्रीसचा बोटाच्या टोकावर मावेल एवढाच थर. जास्त लावलं तर त्याला वाळू चिकटते.

सावधान: खोबरेल नको, सायकलचं ग्रीस नको. मी एकदा घरात होतं म्हणून खोबरेल लावलं. महिन्याभरात रिंग फुगून खाचेबाहेर आली आणि टोपी आवळताना चिरली. रिंगच सिलिकॉन रबराची असेल तर सिलिकॉन ग्रीसनेही ती फुगते, म्हणून माहितीपत्रकात रबराची जात बघा.

सुटा लिथियम सेल किल्ल्या किंवा नाण्यांबरोबर खिशात टाकू नका; दोन टोकं जोडली गेली तर तो पेट घेऊ शकतो. दहा-वीस रुपयांची प्लास्टिकची डबी मिळते. पेन्सिल सेल असतील आणि बॅटरी महिनाभर वापरणार नसाल तर ते काढून ठेवा. अल्कलाइन सेल पाझरलाच तर कापसाच्या बोळ्यावर व्हिनेगरचे किंवा लिंबाचे दोन थेंब घेऊन स्प्रिंग पुसा, मग साध्या पाण्याने पुसून कोरडी करा.

टप्पा ९ : खारं पाणी आत गेलंच तर

पेटते का ते बघायचा मोह आवरा. बंद करा आणि लगेच सेल काढा. खाऱ्या पाण्यात भिजलेला लिथियम सेल पुन्हा चार्ज करायचा नाही, वापरायचाही नाही. घराबाहेर, वाळक्या पानांपासून लांब, मातीच्या किंवा पत्र्याच्या भांड्यात ठेवा आणि ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या.

बॅटरीची नळी आणि टोपी गोड्या पाण्याने आतून दोन-तीनदा विसळा. हे करायला हात धजत नाही, पण मीठ आत वाळलं तर त्याहून जास्त नुकसान होतं. पाणी झटका, आणि टोपी उघडी ठेवून पंख्याखाली दोन दिवस वाळवा. चुलीच्या वैलावर नको, रिंग आणि गोंद मऊ होतात. तांदळाच्या डब्यात पुरू नका, पीठ आट्यांत बसतं. औषधांच्या किंवा चपलांच्या खोक्यात येणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या असतील तर बॅटरीसोबत हवाबंद डब्यात घाला.

दोन दिवसांनी नवी रिंग, नवं ग्रीस, दुसरा सेल, आणि पुन्हा टिश्यूची सुरळी घालून बादली. सुरळी कोरडी निघाली तर बॅटरी खिशात. ओली निघाली तर ती गोठ्यातल्या खुंटीला टांगा, छपराखालच्या कामापुरती.